दुसरं लेकरू

कर्जतच्या त्या स्वयंपाकघरात पहाटे साडेपाचला मी शेगडी पेटवली, तर दारात एक मुलगी उभी. दहा-अकरा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, अंगात गुडघ्यापर्यंत येणारा कुणा मोठ्या माणसाचा स्वेटर. “आजी, पीठ मळू का?” म्हणाली. मी म्हटलं, “अगं, झोप की अजून. थंडी बघ किती आहे.” “मला पाचलाच जाग येती,” असं म्हणून ती नळाकडे गेली आणि कोपरापर्यंत साबण लावून, नखं एकमेकांवर घासून हात धुऊन आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी आम्हा स्वयंसेवकांना हात कसे धुवायचे ते दाखवत होते, तेव्हा ती खांबाआड उभी राहून बघत होती म्हणे.

कॅन्सरवर उपचार चालू असलेली मुलं आणि त्यांच्या घरची माणसं यांना दर डिसेंबरात तीन दिवस मुंबईबाहेर नेणारी एक संस्था आहे. कर्जतजवळ, उल्हास नदीपासून थोड्या अंतरावर एक मोठं शेतघर त्यासाठी मिळतं. त्या वर्षी चौदा कुटुंबं होती. मी स्वयंपाकाला म्हणून गेले होते. मुलांशी खेळणं, गाणी, चित्रं यासाठी तरुण मंडळी होती. माझ्याकडे पातेली आणि परात.

स्वयंपाक मला परका नाही. मी परळची. गिरण्यांच्या दिवसांत आई खाणावळ चालवायची, एका खोलीत वीस-बावीस गड्यांचं जेवण. १९७५ साली प्रेमा पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, त्यातल्या पहिल्या-पहिल्या बायकांत आई होती. मी पुढे शिक्षिका झाले, एकतीस वर्षं शाळेत गेली. पण आमच्या घरापासून टाटा हॉस्पिटल चालत दहा मिनिटांवर. १९४१ पासून ते तिथं आहे, म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून. ‘टाटाला नेलं’ एवढं कुणी म्हटलं की आमच्या चाळीत पुढचं कुणी विचारत नसे. जेरबाई वाडिया रोडच्या फुटपाथवर पथारी टाकून राहिलेली कुटुंबं, हातातल्या पिशवीत फाइल, तोंडावर मास्क लावलेलं टक्कल केलेलं मूल, हे सगळं बघत मी शाळेत जायचे आणि यायचे. बघायचे, एवढंच. निवृत्त झाल्यावर एका शेजारणीनं विचारलं, स्वयंपाकाला बाई हवी आहे, येशील का? गेले.

जाण्याआधी एका शनिवारी आम्हाला परळला बसवून सगळं समजावून सांगितलं. सर्दी-खोकला असेल तर येऊ नका. घरात कुणाला कांजिण्या झाल्या असतील तर तुम्हाला काही झालेलं नसलं तरी येऊ नका. ज्या मुलांची प्रतिकारशक्ती औषधांनी खाली आणलेली असते त्यांना कांजिण्या जिवावर बेतू शकतात. ‘बरा होईल हो’ असं म्हणू नका. आमच्या अमक्याला तमक्या काढ्यानं गुण आला, हे तर अजिबात सांगू नका. फोटो काढू नका. आणि आईला काही करताना बघितलं की लगेच मदतीला धावू नका, आधी विचारा. ही शेवटची सूचना मला तेव्हा नीट कळली नाही.

स्वयंपाकाचे नियम वेगळे. पाणी उकळून गार केलेलं. कोशिंबीर नाही, कच्ची चटणी नाही, कच्चे मोड नाहीत. द्राक्षं नाहीत, केळी, मोसंबी अशी जाड सालीची फळं चालतील, तीही धुऊन. शिजवलेलं दोन तासांच्या आत पानात पडलं पाहिजे, उरलेलं मुलांना पुन्हा द्यायचं नाही. आणि वरून कोथिंबीर भुरभुरायची नाही. या एका नियमानं मला फार छळलं. आमटी उतरवली की हात आपोआप कोथिंबिरीकडे जातो. पन्नास वर्षांची सवय आहे ती. मग पहिल्या दिवशी मी कोथिंबीर निवडून, धुऊन, सगळी फोडणीतच टाकायची असं ठरवलं. वास येतो, रंग जातो. चालायचंच.

मुलं आली ती परळहून बसनं. जळगावचं कुटुंब होतं, नांदेडचं होतं, बिहारमधल्या सिवानचं आणि बंगालमधलंही होतं. बहुतेक मुलांना रक्ताचा कॅन्सर, त्यातही लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच. एका पाच वर्षांच्या मुलीचा एक डोळा काढलेला होता, त्या जागी कृत्रिम डोळा. ती सर्वांत आधी झोपाळ्यावर पोचली. रात्री नऊ वाजता एक गंमत झाली. आयांचे मोबाइल एकदम वाजू लागले, इथून तिथून, वेगवेगळ्या सुरांत. झोपण्यापूर्वीच्या गोळीचा गजर. ही गोळी दुधाबरोबर द्यायची नाही असं डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं, म्हणून आम्ही हळदीचं दूध सातलाच उरकलं होतं. गप्पांत बसलेल्या सगळ्या बायका एका क्षणात उठल्या. गोळ्या मोडण्याचा, पेल्यांचा आवाज. पाच मिनिटांत परत येऊन बसल्या आणि जिथं वाक्य तुटलं होतं तिथूनच बोलायला लागल्या.

नांदेडच्या मुलाचे स्टेरॉईडचे दिवस चालू होते. महिन्यातले पाच दिवस. त्या दिवसांत भूक अशी लागते की पोट भरल्याचं कळतच नाही, चेहरा सुजतो, चिडचिड होते. तो सात वर्षांचा मुलगा दर अर्ध्या तासानं खिडकीशी येऊन विचारायचा, “आता काय हाय?” मी त्याच्यासाठी कमी मिठाची छोटी छोटी धिरडी करून ठेवत होते. एकदा रडत आला, का रडतो ते त्यालाही सांगता येईना. त्याचे वडील त्याला मांडीवर घेऊन माझ्या ओट्यासमोर पाऊण तास बसून राहिले. आधी मला वाटलं, जाऊन मुलाला घ्यावं, बापाला मोकळं करावं. मग ती सूचना आठवली. विचारलं, “घेऊ का मी थोडा वेळ?” ते म्हणाले, “नको ताई, एवढंच तर जमतं मला.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आयांसाठी मेंदी आणि गाण्यांचा कार्यक्रम होता. जेवण झालं, मुलं तरुणांबरोबर बागेत गेली, आणि बायका हॉलमध्ये टेकल्या त्या झोपल्याच. भिंतीला पाठ लावून, उशी न घेता, एकमेकींच्या खांद्यावर. संस्थेच्या मुख्य बाईंनी दारातून बघितलं, मेंदीवालीला खुणेनं परत पाठवलं आणि हॉलचे पडदे ओढून घेतले. सिवानची आई संध्याकाळी सहापर्यंत उठली नाही. मला विचाराल तर तीन दिवसांतला सर्वांत चांगला कार्यक्रम तोच. जादूगारही येऊन गेला, मुलं हसली.

आणि या सगळ्यात ती मुलगी स्वयंपाकघरातच होती.

ती बीड जिल्ह्यातली. आईवडील ऊसतोड कामगार. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर चार-पाच महिने कारखान्याच्या टोळीत राबून ती फेडायची. धाकट्या भावाला वारंवार ताप यायला लागला, तो पांढराफटक पडला, अंगावर काळेनिळे डाग उठले. तालुक्याच्या डॉक्टरनं अंबाजोगाईला धाडलं, तिथून मुंबईची चिठ्ठी मिळाली. आई मुलाला घेऊन गेली. कोयता मोडला. बाप एकटा, ‘अर्धा कोयता’ म्हणून टोळीत गेला, कारण उचल घेतलेली होती. मुलगी आजीजवळ गावात राहिली. मुंबईत मायलेकरं आधी काही आठवडे फुटपाथवर, मग दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत. परळच्या परिसरात आता सोयी पूर्वीपेक्षा खूप वाढल्या आहेत; सेंट ज्यूडसारखी संस्था २००६ पासून अशा कुटुंबांना मोफत खोली, धान्य देते. पण कुठंही झालं तरी जागा आजारी मूल आणि त्याच्याजवळच्या मोठ्या माणसांपुरती असते. या आजाराचा उपचार दोन ते अडीच वर्षं चालतो. तेवढा काळ दुसरं लेकरू कुठं असतं, हा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत पडला नव्हता.

शिबिरासाठी चुलत्यानं तिला रात्रीच्या एसटीनं पुण्याला आणि तिथून रेल्वेनं कर्जतला आणलं होतं. आईला ती आठ महिन्यांनी भेटत होती. मी ती भेट पाहिली. आईनं तिला जवळ घेतलं, केसांवरून हात फिरवला, आणि तेवढ्यात मुलगा खोकला, तशी आई त्याच्याकडे वळली. मुलगी एक पाऊल मागे सरकली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला तिची जागा ठाऊक होती.

भाकरी ती माझ्यापेक्षा सुरेख थापायची. पीठ गरम पाण्यात मळून, तळव्यानं रेटून रेटून, मग परातीत गोल गोल फिरवत. भाकरी तव्यावर टाकून पाण्याचा हात असा फिरवायची की कुठं कोरडं राहायचं नाही. एका बाजूला तिच्या भाकऱ्या, एका बाजूला माझ्या पोळ्या. बोलता बोलता म्हणाली, “आई फोनवर आज्जीला काउंट सांगती. मी ऐकत असते. पाचशेच्या खाली आले की बाहेर न्यायचं नसतं त्याला.” काउंट म्हणजे रक्तातल्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची मोजणी. मी बघतच राहिले. आणखी एकदा म्हणाली, “मागल्या बारीला मी उठले तर ते गेलेलेच होते.” म्हणजे मुंबईला परत निघाले त्या पहाटे. तिला उठवलं नव्हतं, रडेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला ते विचारलं. मान खाली, हात पिठात. “आजी, मारल्यानं कॅन्सर होतो का?” मी म्हटलं, “कुणाला मारल्यानं?” बऱ्याच वेळानं उत्तर आलं. भावानं तिची वही फाडली होती, तिनं त्याला दंडावर दोन गुद्दे मारले होते. दुसऱ्या दिवशी तिथं काळेनिळे डाग. मग ते पाठीवर, पायांवर पसरले. मग ताप. मग मुंबई. वर्ष-सव्वा वर्ष हे पोरीनं पोटात ठेवलं होतं. आजीला नाही, बापाला नाही, कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी तिथल्या तिथं ‘छे छे, असं काही नसतं’ म्हणू शकले असते. पण एकतीस वर्षं मुलांत काढली आहेत. मोठ्यांचं ‘छे छे’ मुलांना पटत नाही. शिबिरात एक तरुण डॉक्टर मुलगी होती, तिला बोलावून आणलं. ती ओट्याशी खाली फरशीवर बसली, मुलीच्या डोळ्यांच्या उंचीला आली आणि सांगितलं. हाडांच्या आत मगज असतो, रक्त तिथं तयार होतं. आजारात तिथं नको त्या पेशी इतक्या वाढतात की कामाच्या पेशींना जागा राहत नाही. रक्त थांबवणाऱ्या पेशीही कमी पडतात. मग नुसतं दाराला घासलं तरी डाग उठतो. “तू मारलंस त्याच्या आधीच आजार आत आलेला होता. डाग तुझ्यामुळे पडला असेल, पण आजार तुझ्यामुळे आला नाही. तू नसतं मारलंस तरी आला असता.” मुलीनं सगळं ऐकून घेतलं. तापाचं विचारलं, त्याचंही उत्तर मिळालं. मग म्हणाली, “आईला म्हायती हाय का हे?”

“हो. पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं असतं त्यांना.”

ती परातीकडे वळली. पीठ संपलं होतं, तरी हात फिरवत राहिली.

मला माझा एक विद्यार्थी आठवला. पाचवीतला. रोज उशिरा यायचा, गृहपाठ कधी पुरा नसायचा, वर्गात पेंगायचा. मी त्याला बाकावर उभं केलं आहे, एकदा नाही, बऱ्याचदा. त्याची बहीण टाटात होती आणि तो पहाटेपासून नंबर लावायला रांगेत उभा राहून मग शाळेत यायचा, हे मला शिपायानं सांगितलं तेव्हा तो शाळा सोडून गावी गेला होता. शाळेपासून हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर, आणि मी विचारलं नव्हतं. तीस वर्षं होत आली. त्याचा चेहरा मला अजून लख्ख आठवतो.

त्याच दिवशी रात्री एकच्या सुमारास हॉलमध्ये दिवा लागला. बीडच्या मुलाला ताप होता, एकशे एकच्या वर. इतर घरांत एवढ्या तापाला आपण कपाळावर पट्टी ठेवून सकाळची वाट बघतो. या मुलांच्या बाबतीत तसं चालत नाही. बऱ्याच जणांच्या छातीत औषधासाठी बसवलेली नळी असते, लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी असतात, आणि जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. म्हणूनच तीन दिवस एक गाडी आणि चालक तिथं नुसते थांबून होते. डॉक्टरनं परळला फोन लावला. आईची पिशवी भरलेलीच होती, फाइल वरच्या वर. तिनं मुलाला शालीत गुंडाळलं, आणि मग तिची नजर कोपऱ्यात झोपलेल्या मुलीवर गेली.

“झोपू द्या तिला,” मला म्हणाली. “उठली तर रडंल. सकाळी सांगा तुम्ही.”

माझा तो अधिकार नव्हता. स्वयंपाकाची बाई मी, दोन दिवसांची ओळख. तरी म्हटलं, “बाई, उठवा तिला. तुम्ही स्वतः सांगा. रडली तर रडू दे.” ती थांबली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मग मूल माझ्या हातात देऊन ती खाली बसली, मुलीच्या कानाशी तोंड नेऊन तिला हाक मारली. मुलगी ताडकन उठून बसली. रडली नाही. “किती हाय ताप?” विचारलं. आईनं सांगितलं. मग आई म्हणाली, “मी जाती दवाखान्यात. तुला सांगून जाती.” मुलीनं मान हलवली, उशाखालून भावाची कानटोपी काढली आणि त्याच्या डोक्यात घालून दोन्ही कान नीट झाकले.

गाडी गेल्यावर तिला झोप येणार नव्हती, मलाही नाही. आम्ही दोघी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. मी चहा टाकला. साडेतीनला फोन आला की पोचले, औषध सुरू झालं. तिनं विचारलं, “कुठलं औषध?” पलीकडून जे नाव सांगितलं ते मी तिला जसंच्या तसं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी चुलत्याबरोबर तिला गावी परत जायचं होतं. संस्थेच्या बाईंनी दोघांना आमच्या बसमधून परळला आणलं. लहान मुलांना वॉर्डात सोडत नाहीत; आई खाली आली आणि मायलेकी फाटकाजवळच्या कट्ट्यावर अर्धा तास बसल्या. काय बोलल्या मला माहीत नाही. मी समोरच्या फुटपाथवर उभी होते. आमच्या बसमधून आलेल्या डब्यात तिनं त्या दिवशी सकाळी केलेल्या भाकऱ्या होत्या, त्या तिनं आईला दिल्या. शिळ्या झाल्या होत्या, त्यामुळे भावाला चालणार नव्हत्या, हेही तिनंच आईला सांगितलं.

भावाच्या नळीत जंतुसंसर्ग झाला होता. दोन आठवडे तो दाखल होता, मग बरा झाला. पुढच्या वर्षी त्याचा उपचार पुरा झाला. आता तपासणीपुरता येतो. सधन देशांत या आजारातून ऐंशी टक्क्यांहून जास्त मुलं वाचतात. आपल्याकडेही वाचू शकतात, उपचार अर्ध्यावर सोडावा लागला नाही तर. आणि उपचार अर्ध्यावर सुटतो तो अनेकदा अशाच घरांत, जिथं गावाकडे दुसरी मुलं एकटी पडलेली असतात आणि आईचा जीव दोन्हीकडे तुटतो.

त्या शिबिरानंतर आम्ही बसून चर्चा केली. संस्थेच्या अर्जात आता एक रकाना वाढला आहे: घरी राहिलेली भावंडं, त्यांची नावं, वयं, सध्या कुणाजवळ आहेत. त्यांना आणण्याचा खर्च संस्था करते. शिबिरात पहिल्याच दुपारी डॉक्टर भावंडांना वेगळं बसवते आणि भावाला किंवा बहिणीला काय झालंय ते चित्र काढून सांगते. त्यांनी विचारलेले प्रश्न ती वहीत लिहून ठेवते. ‘मारल्यानं होतो का’ हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. शब्द तेवढे वेगळे असतात. ‘मी त्याचं उष्टं खाल्लं होतं, मला होईल का.’ ‘मी देवाला म्हटलं होतं, हा नसता तर बरं झालं असतं.’

मी अजून जाते, अजून कोथिंबीर फोडणीत टाकते. ओट्याशेजारी एक जास्तीची परात आणि पाट मांडून ठेवते. कुणी ना कुणी पहाटे येतंच.

वर्गावर असलेल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या वर्गात एखादं मूल एकाएकी उशिरा यायला लागलं, पेंगायला लागलं, वही आणेनासं झालं, तर शिक्षा करण्याआधी त्याला एकट्याला बाजूला घ्या आणि घरी कोण आजारी आहे ते विचारा. आणि ते कळल्यावर आजारी भावाची चौकशी करून थांबू नका. त्याला विचारा, तू जेवलास का, रात्री कुठं झोपतोस, तुझ्याजवळ कोण असतं.